कमठाण्याचा रिकामा खड्डा

३ फेब्रुवारी, शनिवार

शरणू गेला. सकाळी साडेनऊला मुंबईहून मंजुश्रीचा फोन आला – त्याच्या बायकोचा. झोपेतच गेला म्हणाली. चौसष्ट वर्षांचा. माझा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान.

एवढं लिहून वही मिटली होती. पुन्हा उघडली. अर्धंच लिहून ठेवणं बरोबर नाही.

मंजुश्रीने विचारलं, "अक्का, तुमच्याकडे काय पद्धत आहे? इथे सगळे म्हणतायत चार वाजता न्यायचं. तुम्ही सांगाल तसं करू."

मी दोनदा खाकरले. मग म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

किती नीटनेटकं वाक्य. आमच्या भालकीत असं कोणी बोलत नाही.

आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. मातीत बसवतात, हातात इष्टलिंग देऊन. तिला माहीत नसेल. मला होतं.

४ फेब्रुवारी, रविवार

कालचंच टीव्हीवर आज पुन्हा पुन्हा दाखवत होते. फुलं, काळे चष्मे, विद्युतदाहिनीचं दार. खाली पट्टी – 'हरहुन्नरी दिग्दर्शक-अभिनेते प्रशांतकुमार यांना अखेरचा निरोप'. प्रशांतकुमार! शरणूचं पडद्यावरचं नाव; या घरात ते कधी कोणी घेतलं नाही.

दुपारी वीरण्णा आला. आमच्या काकांचा मुलगा, कमठाण्याची शेती तोच बघतो. काल बातमी ऐकल्याबरोबर त्याने माणसं लावून अप्पांच्या समाधीशेजारी खड्डा खोदून घेतला होता. मुंबईहून गाडी येणारच, असं धरून. मला विचारायची त्याला गरज वाटली नाही. कोणालाच वाटली नसती.

"जाळलं की ओ अक्का," म्हणाला. "अप्पांच्या पोराला जाळलं. एक फोन करून इचारायचं न्हाई का त्या बाईनं? तोंडात जीभ न्हाई?"

मी चहा ठेवायला उठले.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "आन् खड्ड्याचं काय करू? खोदलेला रिकामा बुजवत न्हाईत आपल्यात."

"राहू दे दोन दिवस," म्हणाले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

भेटायला येणारं प्रत्येक माणूस मंजुश्रीला बोलून जातं. मी ऐकून घेते. आज शेजारची कलाबाई म्हणाली, "तुमाला न इचारता केलं म्हंजे हद झाली, टीचर." मी मान हलवली. नुसती हलवली. ती व्हय समजली.

७ फेब्रुवारी, बुधवार

श्रीमंत आला होता. माझा जुना विद्यार्थी, आता वाचनालय चालवतो. रविवारी वाचनालयात शोकसभा ठेवली आहे. मंजुश्री येते म्हणाली आहे, अस्थी घेऊन. मला शरणूचा जीवनपट लिहून द्यायचा आहे. "तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार, टीचर?"

लिहिला. आठव्या इयत्तेपासून टॉकीजच्या भिंतीवर बोर्ड रंगवायचा. गावातल्या नाटकात एकदा राजा, राणी आणि हुजऱ्या तिन्ही तोच झाला होता, कारण दोघे तापाने पडले. विसाव्या वर्षी हैदराबाद, बाविसाव्या वर्षी मुंबई. आधी पडद्यामागचे आवाज – म्हातारा, पोपट, इन्स्पेक्टर, सगळे तोच. मग संवाद लिहिले, गाणी लिहिली, नायकाचा मित्र म्हणून चाळीसेक पिक्चर. पस्तिसाव्या वर्षी पहिलं दिग्दर्शन. एकूण सात पिक्चर स्वतःचे. सातांमध्येही स्वतःला एक छोटं काम ठेवायचाच.

पान भरलं. श्रीमंतने वाचून विचारलं, "तुम्ही त्यांना वाढवलंत ते कुठं आहे यात?" ते नको म्हटलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

जीवनपटात जे लिहिलं नाही ते इथे लिहिते.

१९९९. त्याचा दुसरा पिक्चर भालकीत लागला. शाळेतल्या सगळ्या बायका मला पुढे घालून घेऊन गेल्या. त्यात तो साडी नेसून आला – कोकिला मॅडम. दोनदा खाकरून पट्टी उगारली, चष्मा काढला, पदराने पुसला, आणि मारायचं विसरून गेली. हिंदीसुद्धा आमच्यासारखी हेल काढून. टॉकीज हसलं. मीही हसले, खरं सांगायचं तर. चष्मा पुसेपर्यंत.

मग कोकिला मॅडमला बघायला पाहुणे आले. पोहे खाल्ले. नवरदेव मागच्या दाराने पळाला. पुढच्या रांगेतली माणसं वळून माझ्याकडे बघत होती.

सोमवारी फळ्यावर खडूने 'कोकिला मॅडम'. निवृत्त होईपर्यंत तेच नाव चाललं. श्रीमंतसुद्धा म्हणत असेल.

पण मला बघायला आलेले उदगीरचे पाहुणे पळाले नव्हते. मी नको म्हटलं होतं. आई गेलेली, अप्पा दिवसभर शेतात, शरणू चौदाचा. 'भाऊ बरोबर चालणार नाही,' एवढंच ते म्हणाले होते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शरणूला मी सांगितलं नाही. त्याला ते पळाले असंच वाटत राहिलं. माहीत असतं तर त्याने ते केलं नसतं. हे मला टॉकीजमध्ये बसल्या जागी समजलं होतं. तरी पुढची पंचवीस वर्षं सांगितलं नाही. राग ठेवायला सोपं गेलं.

दर दिवाळीला त्याचा फोन. "अक्का, काय करायलीस? येऊ का गं?" आणि मी – "तुला जमेल तसं बघ." ये म्हणून कधी म्हटलं नाही. मग तोही आला नाही. अप्पांच्या मातीला आला होता, त्यानंतर नाही.

त्याचं इष्टलिंग माझ्या कपाटात आहे, चांदीच्या डबीत. मुंबईला जाताना ठेवून गेला. "तिथं कुठं सांभाळू, अक्का? तुझ्याजवळ राहू दे. लागंल तवा मागून घेतो." या दिवाळीला विचारलं, "माझं हाय ना तुझ्याजवळ?"

"हाय."

"मग झालं. अप्पांच्या शेजारी बसवा मला."

मी म्हणाले, कुकर झालाय, ठेवते.

म्हणजे तीन तारखेला मला सगळं आठवत होतं. गोंधळले नव्हते. हे कोणाला सांगू?

११ फेब्रुवारी, रविवार

शोकसभा झाली. मंजुश्री पांढऱ्या साडीत, एकटीच, मांडीवर लाल कापड बांधलेलं मडकं. कोणी तिला पाणी विचारलं नाही. शेवटी मीच दिलं. मला खोकला येईल म्हणून श्रीमंतने जीवनपट स्वतः वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग शोकसभा आहे हे आठवून थांबले.

भाषणं संपल्यावर वीरण्णा उभा राहिला. "एक इचारतो, वहिनी. कमठाण्यात खड्डा तयार होता. नेलं न्हाई ते न्हाई, निदान अक्काला तरी इचारायचं हुतं. का भालकीला फोन लागत न्हाई मुंबईहून?"

दोघं-तिघं हसले.

मंजुश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी समोर ठेवलेल्या फोटोकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. सांगायलाच पाहिजे होतं.

ती म्हणाली, "चुकलं माझं."

शरणूने साडी नेसली त्या दिवशीसुद्धा एवढी लाज वाटली नव्हती.

१२ फेब्रुवारी, सोमवार

मंजुश्री माझ्याकडेच उतरली आहे. भाकरी आवडीने खाल्ली. "ते अशीच करायला सांगायचे, मला कधी जमली नाही," म्हणाली. भाकरी थापताना दोनदा बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा मीठ विचारलं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कपाटातून डबी काढली. वीरण्णाला फोन केला, आम्ही कमठाण्याला येतोय.

खड्डा पाहिला. चौकोनी, छातीएवढा खोल, कडा कुदळीने तासलेल्या. वरून तुरीच्या काड्या टाकून झाकला होता, जनावर पडू नये म्हणून. वीरण्णा मंजुश्रीशी बोलत नव्हता. मला म्हणाला, "राख पुरायची आता? आपल्यात असलं कुणी केलंय का?"

मी म्हणाले, "हिनं इचारलं होतं मला."

"काय?"

"फोन करून इचारलं होतं, पद्धत काय म्हणून. मीच सांगितले न्हाई. शरणू मला सांगून ठेवला होता दिवाळीला, तरी सांगितले न्हाई. हिला काय बोलू नको. मला बोल."

माझ्या तोंडून आमची बोली निघाली. खाकरलेही नाही.

वीरण्णा पायाने ढेकूळ फोडत राहिला. मग हळूच म्हणाला, "कामून, अक्का?"

उत्तर होतं. कोकिला मॅडम. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक पिक्चर. मोठ्याने म्हणायला गेले आणि ते इतकं लहान वाटलं की म्हणताच आलं नाही.

वीरण्णा स्वतः आत उतरला. मी मडकं दिलं. लिंग डाव्या हातात द्यायचं असतं – हात कुठून आणणार? डबी उघडून लिंग विभूतीच्या कापडात बांधलं आणि ते मडक्याच्या गळ्याशी बांधायला लावलं. बसल्या माणसासाठी खोदलेली जागा, मध्ये एवढंसं मडकं. माती ढकलायलाच खूप वेळ लागला.

परतताना वीरण्णाने मंजुश्रीसाठी गाडीचं दार उघडलं. "बसा वहिनी," म्हणाला. तेवढंच.

वाटेत मंजुश्रीने एकदा माझा हात धरला. मला वाटलं, तिने माफ केलं. बरं वाटलं – लिहायला नको, पण वाटलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

मंजुश्री गेली. वीरण्णा सोडायला गेला. कलाबाईला मी स्वतःच सांगितलं. ती 'बरं' म्हणाली आणि लवकर उठली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

मंजुश्रीचा फोन. म्हणाली, कमठाण्यातच सांगायचं होतं, वीरण्णांसमोर नको वाटलं, मग घरी धीर झाला नाही. पद्धत तिला ठाऊक होती. शरणूने सगळं सांगून ठेवलं होतं – माती, लिंग, अप्पांच्या शेजारची जागा. फक्त म्हणाला होता, "तरी अक्काला इचार. ती आण म्हणली तरच ने."

भालकीला आणायला गाडी सांगून ठेवली होती. चार वाजेपर्यंत खाली उभी होती, म्हणाली – अक्कांचा फोन येईल म्हणून.