धोट्याला लागलेलं तोंड

३ नोव्हें., सोम.
दात काढला. वरचा, पुढचा, डावीकडचा. डॉ.बाई हुबळीकडच्या, मराठी जपून बोलतात. म्हणाल्या, आठवडाभर काही ओढून प्यायचं नाही, स्ट्रॉ तर अजिबात नाही, जखमेवरची रक्ताची गाठ निघेल. म्हटलं, "आमच्यात स्ट्रॉनं कोण पितंय, बाई?" हसल्या.
दुखलं नाही. घरी चहा हनुवटीवरून पदरावर ओघळला, तेही कळलं नाही.

४ नोव्हें., मंगळ.
भूल उतरली असावी. फारसा फरक नाही. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "हसताना तोंडाला पदर लाव गं." हसायचं कारण निघालं तर लावीन.
काल हे जाऊन चार महिने झाले. दाताच्या गडबडीत तारीख ध्यानातच आली नाही. वाईट वाटायला हवं होतं.
सकाळपासून माग चालू. शनिवारपर्यंत मागावरची साडी विणून उतरवायची आहे. दुपारी पिस्ता रंगाच्या कापडावर बोटभर लाल ठिपके. आधी वाटलं रंग उतरला. मग तोंडाला हात लावला.

५ नोव्हें., बुध.
परत दवाखाना. "काय ओढलंत?" "काय न्हाय, बाई." शपथेवर सांगितलं असतं.
रिक्षात बसल्यावर उजेड पडला. ओढलं की! मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या भोकाला ओठ लावून धाग्याचं टोक बाहेर ओढायचं. काल दिवसभरात शंभरदा तरी. तेवीस वर्षं करते आहे, त्याला मी ओढणं धरलंच नव्हतं. रिक्षा वळवून जाऊन सांगितलं. डॉ.बाईंनी डोक्याला हात लावला. पंधरा दिवस माग बंद.

६ नोव्हें.
धाकटे दीर आले. भाऊजी चांगले आहेत, पण थांबत नाहीत. "वैनी, दोन्ही माग काढू या. सदलग्याचा एकजण घ्यायला तयार हाय. दादा हुता तवर ठीक. तुमास्नी आता एकटीला न्हाय जमायचं."
"बघू," म्हटलं. बघू काय? हे दोन माग गेले तर मी सकाळी उठून करू काय? हे तोंडावर बोलायला हवं होतं. राग यायला हवा होता. काय काय वाटायला हवं त्याची एक यादीच करून ठेवावी.

७ नोव्हें.
तारेचा आकडा करून धागा काढून बघितला. तुटतो. पाऊण तासात हातभर कापड. कंग्राळीहून लेकीचा फोन, "आई, दे की इकून, हिकडं ये." तिच्याकडे बरं आहे. पण तिच्याकडे मी पाहुणी.

८ नोव्हें., शनि.
भाऊजी सकाळीच आले, स्टुलावर बसले. कांडी घातली, धोटा तोंडाला लावला, धागा ओढून माझ्या हातात दिला. "तुमी फकस्त माग बघा." दुपारी चारला साडी उतरली. जाताना म्हणाले, "सोमवारी आठला येतो. ह्यो माल संपला की मग इकायचं बघू."
उपकार आहेत. तेही कळतं. पण पहिला धोटा हातात आला तेव्हा भोकापाशी ओला होता. त्या धोट्याला आजवर दोनच तोंडं लागली, यांचं आणि माझं. कधी यांनी ओढला, कधी मी, उष्टं वगैरे कुणाच्या मनातही आलं नाही. आज मी तो पदरानं पुसला. परत पुसला. भाऊजींनी बघितलं.
"काय झालं, वैनी?"
"काय न्हाय."
संताप संताप झाला. भाऊजींचा नव्हे. हे असे मधेच उठून गेले, त्याचा.

१० नोव्हें., सोम.
सहालाच दोन्ही माग सुरू केले. धोटा ओठाच्या उजव्या कोपऱ्याला लावला. दोनदा नुसती हवा. तिसऱ्यांदा धागा आला. थोडं रक्त, या वेळी कापडावर पडू दिलं नाही. दुखलं. चांगलंच दुखलं, कानापर्यंत.
आठ वाजले. भाऊजी कडी वाजवतायत. "वैनी, ओ वैनी, दार उघडा की." दोन्ही माग खडखडतायत. ऐकू आलं नाही असं सांगता येईल.