पिल्लांची घरभरणी

भुजंग, भाऊबीजेला बहिणीला लुगडं आणायचं सोडून खोक्यात भरून कोंबडीची पिल्लं आणणारा भाऊ ह्या मुलखात मला एकटीलाच मिळालाय, आणि त्याची फळं मी दिवाळीपासून भोगून राहिले. "हौसेनं पाळ अक्का, पावसाळ्यात घरची अंडी खाशील," असं म्हणून तू संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला निघून गेलास. पिल्लं माझ्या स्वयंपाकघरात राहिली आणि मी अंगणात आले. अजून अंगणातच हाय.

(रीत चुकली. तिसरीत शाळा सुटली, पण पत्राला आधी आशीर्वाद लिहावा एवढं ध्यानात हाय. राग निवायच्या आत मुद्द्याचं लिहून घेतलं, आता रीतीनं लिहिते.) चिरंजीव भुजंगास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. सिंधुची कंबर कशी हाय? तिला म्हणावं, शेक घे, आणि नवऱ्याला घागरी उचलायला लाव. तिकडं नळाला पाणी येत असेल तर मला कळवू नको, उगं जीव जळतो. इकडं तुझे दाजी खुशाल हायत, त्यांना काय होतंय. म्हैस त्यांच्या बहिणीकडं लोह्याला धाडली, तिथं थोडा कडबा हाय म्हणं. विहिरीत पोहरा सोडला की खडखड वाजतो. जिल्हा नवा झाला तवापासून गावात साहेब लई यायला लागलेत, पाणी तेवढं आलं न्हाई. ते जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादलाच राहिलं वाटतं.

तर पिल्लं. तू सांगून गेलास, ह्यांना आई न्हाई, ऊब पायजे, डाल्यात ठेव आणि वर बलब टांग. घरात बलब एकच. तो पिल्लांना दिला. आता पिल्लं उजेडात बसतात आणि आम्ही नवरा-बायको अंधारात चाचपडत भाकरी खातो. (एका रात्री तुझ्या दाजींनी पिठल्याऐवजी पिल्लांसाठी कण्या भिजवलेलं भांडं ओढलं आणि निम्मं खाल्लं. चव बरी हाय म्हणले.) वीज गेली की पिल्लं असा गिल्ला करतात की शेजारची धुरपताबाई विचारती, कोण गेलं गं? मग मी निखाऱ्याची शेगडी घेऊन त्यांच्याजवळ बसायचं. चुलीचा धूर त्यांना सोसत न्हाई, म्हणून माझी चूल बाहेर, तीन दगडांवर. टँकरचं पाणी आलं की पहिली वाटी त्यांची. मी कुरकुर केली तर तुझे दाजी म्हणतात, "अगं, बिनआईची लेकरं हायती." मी म्हणलं, "मला तरी कुठं आई हाय? मला कुणी बलब टांगला का?" त्यावर ते उठून तंबाखू मळायला गेले.

पण पिल्लांना पिसं फुटली, डालं पुरंना, एकेक उडून पिठाच्या डब्यावर बसायला लागलं. तवा तुझ्या दाजींनी परसात खुराडं बांधलं. चारी बाजूंनी तुराट्यांचा कुड, वर जुना पत्रा, खाली राख. आमचं घर बांधताना ह्या माणसानं कधी ओळंबा धरला न्हाई, पण खुराड्याला धरला. आणि चावडीवर जाऊन सांगून आले, आज आमच्या पिल्लांची घरभरणी हाय. झालं! धुरपताबाई हळदीकुंकू घेऊन हजर. मागून चार बायका आल्या, त्यांच्या मागं माणसं, आणि जेवायला काय हाय म्हणून सगळ्यांची नजर डाल्याकडं. मी म्हणलं, ज्यांची घरभरणी हाय त्यांनाच खाता का? गूळ वाटला आणि वाटेला लावलं. धुरपताबाई तेवढी हटंना. म्हणली, "सरजा, माहेरचा आहेर कुठं हाय? भावाचा आहेर आल्याबिगर नव्या घरात पाऊल टाकू न्हाई." मी म्हणलं, "भावाचा आहेरच तर खुराड्यात चाललाय."

आता इथं माझं काय चुकलं ते बघ, कारण मला अजून चुकलंय असं वाटत न्हाई. आपल्या आईनं जन्मभर कोंबड्या दिवेलागणीलाच डालल्या. दिवस बुडाला की कोंबडी आपसूक येती, पिल्लं पंखाखाली जातात, वर पाटी झाकायची. मीबी दिवेलागणीलाच तुझी पिल्लं खुराड्यात सोडली आणि घरात येऊन दिवाळीपासून पयल्यांदा चूल आत मांडली. पण तुझ्या पिल्लांनी जल्मात अंधार बघितलेला न्हाई! दिवस बुडाला तसा एकच आकांत. जाऊन बघते तर सगळी एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली, खालची गुदमरायला लागलेली. मोकळं करावं म्हणून मी दार उघडलं, आणि माझ्या पायांमधून पांढरा लोंढा भायेर पडला.

तवा वीज गेलेली. गावात उजेड एकाच जागी, चावडीवर. तिथं नव्या जिल्ह्याचे साहेब टँकरबद्दल भाषण करून राहिले होते, आणि वर गॅसबत्ती. पिल्लं सरळ चावडीवर! मागं मी, माझ्या मागं तुझे दाजी पाटी घेऊन. आम्ही पोचस्तोवर पिल्लं बत्तीखाली साहेबांच्या पायापाशी गोळा होऊन बसलेली. दोन मांडीवर. एक फायलीवर, आणि तिथं त्यानं जे करायचं ते केलं. साहेब उठायला गेले तर मी वरडले, "हलू नका! पायाखाली येतील!" साहेब गरीब स्वभावाचे. बसले. आमच्या गावात साहेब येतात आणि उठून जातात, हे बसलेले बायकांनी पयल्यांदा बघितलं. मग काय, धुरपताबाई सुरू झाली. टँकर कुठल्या आळीला थांबतो, कुठल्या आळीला न्हाई, कुणाच्या हौदात आधी रिकामा होतो, सगळं. साहेबांच्या बुटावर पिल्लं झोपलेली, जाणार कुठं? टँकर वरच्या आळीलाबी थांबंल असं कबूल करूनच ते उठले. आणि खरंच थांबाया लागलाय. ह्यात तुझं काही श्रेय न्हाई.

पिल्लं पाटीत भरून परत घरात, बलबाखाली. मी परत अंगणात. सकाळी खुराड्यात बघितलं तर तुराट्या दोन ठिकाणी फाकलेल्या आणि राखेत मुंगसाची पावलं. रिकामं बघून गेलं होतं. भुजंग, पिल्लं आत असती तर एक उरलं नसतं. धुरपताबाई म्हणली, बघ, आहेर न्हाई आला म्हणून. थंडी वाढलीय, माझे गुडघे धरलेत, ह्या घरात मला एक रात्र माझ्या चुलीपाशी निजायचं हाय. दुसरं काही नको.

सगळ्यांना आशीर्वाद. लेकरांचे पापे घे.

तुझी थोरली बहीण,
सरजाबाई

ता. क. धुरपताबाईचं खरं मानायचं ठरवलंय. आहेर पायजेच. लुगडं नको. खुराड्याला चारी बाजूंनी पुरंल एवढी बारीक भोकांची लोखंडी जाळी, आणि एक बलब परसात न्यायला वायर. स्वतः घेऊन यायचं, भाऊ म्हणून. ह्या खेपेला पिल्लं सकाळी सोडू, म्हणजे दिवसभर घर ओळखतील.

दुसरा ता. क. पत्र चिकटवत होते तेवढ्यात डाल्यातून कुणीतरी घसा खरवडल्यागत आवाज केला. मला वाटलं तुझे दाजी. ते न्हाई. एक पिल्लू मान ताणून आरवाया बघत होतं. मग धुरपताबाईला बोलावून एकेकाचा तुरा बघितला. भुजंग, सगळे कोंबडे हायत! एकबी कोंबडी न्हाई. अंडी कोण देणार, तू? त्या पिल्लं विकणाऱ्यानं तुला फसवलं, का तू मला, हे शनिवारच्या टपालानं कळव. त्याच्यावर जाळी केवढी लागंल ते ठरंल. तुझे दाजी आत्ताच डाल्यात डोकावून विचारून गेले, परतच्या घरभरणीला गूळच वाटायचा का.