मुकादमाची लस राहिली

६ जानेवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये मला अखेर स्वतःची खोली मिळाली. दोन खिडक्या, एक कपाट आणि खालून येणारा इस्त्रीचा वास. वर्षभर तुझ्याकडे ठेवलेला माझा बोका मुकादम आता इकडे आणता येईल. अट एकच: त्याचं लसीचं कार्ड चालू वर्षाचं हवं, नाहीतर इथल्या व्यवस्थापकबाई त्याला जिना चढू देणार नाहीत. त्याची वर्षाची लस डिसेंबरातच होती. टोचून आणलंस ना? कार्ड पाठव, की मी रजा टाकते.

तो अजून तुझ्या मशीनशेजारी बसून शिलाईवर देखरेख करतो का? पगारवाढ मागत असेल तर कळव.

लोभ आहेच, तो जरा वाढता ठेव.

तुझी बबडी

१५ जानेवारी

चि. बबडीस,

अनेक आशीर्वाद. खोलीचं वाचून फार बरं वाटलं. खिडक्यांची मापं कळव, पडदे शिवून ठेवते.

लसीचं राहिलंच गं. आधी शाळेच्या गणवेशांची घाई, मग जनावरांचे डॉक्टर रजेवर गेले. आता मुकादमाला सर्दी झाली आहे आणि डॉक्टर म्हणाले, आजारी मांजराला टोचत नाहीत. बघू पुढच्या महिन्यात. एवढी घाई काय आहे? तो मजेत आहे. काल एका बाईंच्या कोटाच्या अस्तरावर ऐसपैस झोपला. त्या चिडल्या, तर मी सांगितलं की माप घेतोय तो.

जेवणाची आबाळ करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

मावशी

२३ जानेवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. खिडक्या साडेतीन बाय चार फूट. आता मुद्द्याचं. रजेवर गेलेल्या डॉक्टरांनी सर्दी तपासली कशी? मी नर्स आहे मावशी. सुई चुकवणाऱ्यांच्या सगळ्या सबबी मला पाठ आहेत. गिऱ्हाइकांना सांगतेस तसं ‘परवा या’ मला सांगू नकोस.

व्यवस्थापकबाईंनी पंधरा फेब्रुवारीची मुदत दिली आहे. तोवर कार्ड दाखवलं नाही तर परवानगी रद्द. ड्यूटी संपवून खोलीवर येते तेव्हा कुणीतरी वाट बघत असावं असं फार वाटतं गं. तेव्हा थापा पुरे.

मुकादमावर आहे तेवढा तरी लोभ माझ्यावर असू दे.

बबडी

३० जानेवारी

चि. बबडीस,

अनेक आशीर्वाद. घाबरू नकोस, डाव्या हातानं लिहिते आहे म्हणून अक्षराचा असा अवतार झालाय. गेल्या मंगळवारी मागच्या दारानं एक भटका बोका दुकानात शिरला आणि दोघांची जुंपली. सोडवायला गेले, तर मुकादमानंच माझ्या मनगटात दात रोवले. दवाखान्यात विचारलं, मांजराला लस दिली आहे का? नाही म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला पाच सुया घ्यायच्या आहेत, दोन झाल्या. मुकादमालाही त्याच दिवशी टोचून आणलं. त्याच्यावर नजर ठेवायला सांगितलंय, पण तो ठणठणीत आहे.

आता खरं सांगते. सर्दी नव्हती. डॉक्टरही रजेवर नव्हते. कार्ड पूर्ण झालं की तू त्याला नेणार, म्हणून मीच तारीख ढकलत होते. दिवसभर मशीनची खडखड ऐकून जीव उबतो गं. याच्याशी बोललं की हा निदान कान तरी हलवतो. पण त्यापायी त्याच्या जिवाशी खेळले. माझं चुकलं.

दवाखान्यात कागद भरताना विचारलं, घरात कोण कोण असतं? माझ्या तोंडून निघून गेलं, आम्ही दोघं.

कार्ड सोबत जोडलंय. ये आणि घेऊन जा त्याला. रागावली असशील तरी आल्यावर जेवल्याशिवाय जाऊ नकोस.

मावशी

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वॉर्डातच फोडलं. आधी भयंकर रागावले, मग औषधांच्या कपाटाआड जाऊन रडले. एक जरी सुई चुकवलीस तर मी स्वतः येऊन टोचेन, आणि माझा हात जड आहे.

व्यवस्थापकबाईंना कार्ड दाखवलं नाही, परवानगीचा अर्ज मागे घेतला. त्या म्हणाल्या, नक्की ना? मी हो म्हटलं. मला वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू. पण मला इथं हाक मारली तर ओ देणाऱ्या चार मैत्रिणी आहेत.

शनिवारी येते, दोन दिवस राहीन. कार्ड परत आणते आहे. त्यावर मालक म्हणून माझं नाव होतं, ते खोडून तुझं लिहिलंय. पुढच्या लसीची तारीख ढकलायचं आता तुला काही कारण उरलं नाही.

तुम्हा दोघांची,
बबडी