'पावणं' नावाची थीम

प्रिय उदय,

तू नंबर बदललास, म्हणून आजऱ्याच्या पत्त्यावर कागदच पाठवतेय. रागानं फाडू नकोस, आधी वाच.

राजवर्धनदादाला जाऊन आठ महिने झाले. कोडोलीच्या डेअरीत त्याच्या खुर्चीवर आता मी बसते. दूध तपासणीचं तुम्हा दोघांचं वेब ॲपही मीच सांभाळते. सकाळी स्क्रीन उघडली की दादाची ती काळी थीम समोर येते. सेटिंगमध्ये जाऊन पांढरी लावते, तर दुसऱ्या संगणकावर पुन्हा तीच. डेअरीतले गुंडूकाका म्हणाले, "दादा अजून हितंच हाय बघ." मी हसले खरी, पण तेव्हापासून खोलीत एकटी असले की मागं वळून बघते. भीती वाटते रे, आणि मागं कुणी नसतं तेव्हा जास्तच वाईट वाटतं.

काल धीर करून कोड उघडला. दादानं ती थीम सगळ्या संगणकांवर आपोआप लागेल अशी करून ठेवली होती. कारणही तिथंच टीप म्हणून लिहिलं होतं: लाल-हिरव्यातला फरक तुला कळत नाही, हे त्यानं ओळखलं होतं. त्या नासलेल्या कॅनला तू पास केलंस ना, तेव्हाच. म्हणून त्यानं चांगल्या दुधाला निळा रंग दिला, खराबाला पिवळा. एकट्या तुझ्याच स्क्रीनवर लावली असती तर चारचौघांत चर्चा झाली असती.

तू मात्र सेटिंगमधल्या यादीत थीमचं नाव वाचलंस, 'पावणं', आणि आजऱ्याचा म्हणून आपल्याला पाहुणा, परका ठरवलं असं समजून त्याच दिवशी निघून गेलास. दादाच्या मातीलाही आला नाहीस.

उदय, ते नाव मी दिलं होतं. "उदयसाठी केलीया, नाव काय ठिवू गं?" असं दादानं विचारलं आणि मी पटकन म्हणून गेले, "पावणं ठेव की." घरचा जावई होणाऱ्यालाही आपण पावणंच म्हणतो ना. दादाला माझ्या मनातलं तिथंच कळलं. नंतर तू फोनवर त्याला नाही नाही ते बोललास. माझं नाव घेतलं असतं तर तो सुटला असता, पण बहिणीची गोष्ट आपल्या तोंडून नको म्हणून ऐकत राहिला. मी त्याच्या शेजारीच उभी होते. तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, आणि मी फोन मागून घेतला नाही.

कधी सांगितलं नाही, तरी तुझीच,
संयोगिता