नीरफणसाच्या चिकाचं बूच

३ फेब्रुवारी, मंगळवार
ताई मुलीच्या लग्नाला बेटावरून ऑकलंडला गेली. महिनाभर तिची जपानी व्हॅन माझ्या ताब्यात. जाताना म्हणाली, "लिसियाते, गाडी आहे तशी परत दे, एवढंच." आहे तशी? आहे त्याहून चांगली देईन! थोरली बहीण म्हणजे घरातलं सगळ्यात वरचं माणूस. तिच्यापुढे बाबासुद्धा आवाज खाली घ्यायचे.
संकल्प: गाडी रोज पुसणे. गाडीतून मासे न आणणे.

५ फेब्रुवारी
मासे आणले. टूना मोठा होता, सायकलवर मावेना.

७ फेब्रुवारी, शनिवार
गाडीखाली पाणी! थेंब थेंब. बायकोचं, फानेचं पातेलं खाली ठेवलं. वास घेतला, वास नाही. चव घेतली. ब्रेक ऑइल नाही, रेडिएटरचं हिरवं पाणीही नाही. एवढी तपासणी मेकॅनिकसुद्धा करत नाही.
फाने म्हणाली, "मनासेला विचार की. कुंपणापलीकडे तर राहतो." मनासे गाड्यांची कामं करतो. ताईच्या गाडीची पुढची काच गेल्याच महिन्यात त्याने बसवली. पण शेजाऱ्याला उगाच त्रास कशाला? पातेलं परत दिलं, ते फानेने दोनदा घासलं.

९ फेब्रुवारी, सोमवार
काल रविवार, कामाला बंदी. चर्चहून गाडी आणल्यावर थेंब मोजले. मोजणं हे काम नव्हे.
आज सकाळी गारेगार गाडीतून बाजारात जाऊन आलो आणि गाडीखाली आडवा झालो. एका रबरी नळीच्या टोकातून पाणी टपकत होतं. रोग सापडला! आजोबा होडीच्या फटी नीरफणसाच्या चिकाने आणि काथ्याने बुजवायचे. चाळीस वर्षांत होडीत थेंब आला नाही. झाडाला चीर दिली, चीक काढला, काथ्या मळला, नळीत घट्ट बूच बसवलं.
एक थेंब नाही. जपान्यांकडेही बेटं आहेत, पण नीरफणस नाही.

१२ फेब्रुवारी
जमीन कोरडी ठणठणीत. ताईला कळवावं का? नको, आल्यावर सहज सांगू.

१६ फेब्रुवारी
डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं. फानेचे पाय भिजले. संशयित तीन.
एक, फाने: माशांचा बर्फ सांडला असेल. ती म्हणाली, "मी टूना मांडीवर घेऊन बसते का रे?"
दोन, पाऊस: आठवडाभर पडलेला नाही.
तीन, मनासेची काच. उरली तीच. निदान असंच करतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार
चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला सहज बोललो की मनासेच्या काचा गळतात. "काच" म्हणायचं होतं, "काचा" निघालं. हळू बोललो होतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार
मनासे स्वतः आला. चेहरा उतरलेला. काचेवर अर्धा तास नळीने पाणी मारलं, आत एक थेंब नाही. मी म्हटलं, "कधी गळते, कधी नाही." तो म्हणाला, "जरा एसी लावून बघू या?" मी म्हटलं, "एसीचा इथे काय संबंध? आणि माझी जेवायची वेळ झाली." दहा वाजले होते.
जाताना म्हणाला, "माझी चूक असेल तर रबर पुन्हा बसवून देतो." त्याने असं बोलायला नको होतं. मला अवघडल्यासारखं झालं.

२४ फेब्रुवारी
चर्चच्या बसचं काम मनासेकडून काढून दुसऱ्याला दिलं. वर्षभर तोच बघत होता. फाने म्हणाली, "कुणी काय पसरवलं, देव जाणे." मी रताळं अर्धं ताटातच ठेवलं. बहुतेक कच्चं होतं.
संकल्प: पाद्रीबाबांना भेटून "काचा" नव्हे "काच" अशी दुरुस्ती करणे.

२६ फेब्रुवारी
पाद्रीबाबा कामात होते. असं लांबून वाटलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार
ताईला आणायला विमानतळावर गेलो. बाहेर अकरा गाड्या एसी लावून उभ्या. अकराच्या अकरा गाड्यांखाली पाणी. कोरडी फक्त माझी. एका टॅक्सीवाल्याला विचारलं, "सगळ्यांच्याच गाड्या बिघडल्या?" तो म्हणाला, "काका, एसीचं पाणी बाहेरच पडायला हवं. बाहेर नाही पडलं तर आत येईल."
बूच तिथेच उपटणार होतो, तेवढ्यात ताई आली. सोबत खोकी आणि आजीची चटई. लग्नकार्यात कमरेला गुंडाळायची, लाल लोकरीच्या काठाची, तीन पिढ्यांची. मागे जागा नव्हती. गुंडाळी मीच तिच्या पायाशी ठेवली. "इथे सुरक्षित आहे, ताई."
ताई म्हणाली, "एसी वाढव." वाढवला नाही तर कारण सांगावं लागलं असतं. वाढवला. पहिल्याच वळणावर डॅशबोर्डखालून तांब्याभर पाणी आलं. लाल रंग चटईभर पसरला.
ताईने विचारलं, "हे काय?" माझ्या तोंडून निघालं, "मनासेची काच."
ताईने काचेतून वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं.

१ मार्च, रविवार
बूच काढायचं होतं, पण रविवार. नियम म्हणजे नियम. मनासे चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटा बसला होता. मी वळून पाहिलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला प्रार्थनाभर ठसका लागत होता.

२ मार्च, सोमवार, सकाळी ६
बूच उपटलं. भळाभळा पाणी आलं. आजोबांचा चीक खरंच पक्का. गाडीखालून बाहेर आलो, तर कुंपणाशी मनासे उभा. माझ्या हातातलं बूच पाहिलं. वळून आत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
संकल्प: आजच ताईला सांगणे.
दुपार: बहिणीसमोर भलतंसलतं बोलू नये ही आपली रीत. "मीच बूच मारलं" हे भलतंसलतंच आहे. उद्या.

३ मार्च
फाने धावत आली. मनासे ताईच्या अंगणात, उन्हात, जमिनीवर बसला होता. गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांची माळ. खाली मान घालून माफी मागायची आमच्याकडे हीच रीत. काचेची माफी! सगळं ठाऊक असूनही! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाने दोर स्वतःच आणलेला.
मला लाज वाटते आहे. हे वाक्य खोडणार नाही.

४ मार्च, बुधवार
सकाळी इफीची पानं तोडली, माळ केली, ताईच्या अंगणात जाऊन बसलो. चटई दोरीवर वाळत होती. ताई बाहेर आली. मी सगळं सांगितलं. नळी, चीक, गाण्याचा सराव, चर्चची बस. कारण एकही दिलं नाही.
ताई म्हणाली, "ऊठ. तुझी माफी काल मागून झाली."
मी म्हटलं, "काल तर मनासे काचेची..."
"काचेचं नावही काढलं नाही त्याने. म्हणाला, 'लिसियाते सांगेल, पण त्याला वेळ लागतो. तोवर त्याच्या वतीने मी बसतो.'"
मला वाटलं होतं, निदान हे एक काम तरी मी स्वतः करीन. तेही मनासेनेच आधी येऊन नीट करून ठेवलं होतं.