पटक्याच्या शेवातल्या गोळ्या

आबांना,

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. आज आटपाडीला येऊन तुमचा पटका धुवायला काढला, तर शेवाला गाठ. आत मॉर्फिनच्या अकरा गोळ्या. सांगलीहून मीच आणलेल्या, तुमच्या हातावर मीच ठेवलेल्या. आबा, तुम्ही त्या गिळत नव्हतात?

आईला विचारलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "गोळी घेतली की पोट गच्च बांधतंय, परसाकडं व्हत न्हाई म्हनायचं. म्या म्हनलं, लेकीला सांगा. तर म्हनलं, पोरीपाशी असलं कसं बोलायचं? त्यापरीस दुखलेलं बरं."

माझ्या कामाचं तुम्हाला हसू यायचं. जन्मभर शेरडं राखून पोरगी शिकवली, आणि ही प्रयोगशाळेत शेरडाचीच आतडी घेऊन बसते! खाटकाकडून आणलेला आतड्याचा तुकडा कोमट खारट पाण्यात टांगला की अळीसारखा हलत राहतो. मॉर्फिनचे थेंब पडले की गप्प. मॉर्फिनसारखी अफूच्या जातीची औषधं आतड्यात जिथं चिकटतात, त्या जागांचे म्यू, डेल्टा, कप्पा असे प्रकार आहेत. कुठल्या प्रकारामुळे आतडं किती थांबतं, हेच मी इतकी वर्षं शोधतेय.

आणि तुमचं थांबलं, ते मला कळलं नाही. तुमचं जेवण तुटलं, उलट्या झाल्या, तरी मी सगळं हाडात उतरलेल्या कॅन्सरच्या नावावर टाकलं. पोट साफ व्हायचं औषध डॉक्टरांनी दिलं होतं. रोग्याला विचारत विचारत ते वाढवायचं असतं. मी रोज फक्त दुखतंय का एवढंच विचारलं. तुम्ही "बरं हाय" म्हणायचात आणि मी उठायचे. पुढचं विचारायची मलाही लाज वाटत होती.

शेरडं चरायला सोडायच्या आधी तुम्ही रोज लेंड्या बघायचात, कुशीला कान लावून पोट ऐकायचात. तुमच्या पोटाला कुणी कान लावला? रागही येतो तुमचा. मला एवढं शिकवलंत ते कशासाठी? एकदा तरी बोलायचं होतं!

आई सध्या रक्तवाढीच्या गोळ्या घेते; त्या लोहाच्या गोळ्यांनीही पोट बांधतं. मघाशी तिला विचारलं, पोट साफ होतं का. तिनं तोंड फिरवलं आणि चुलीकडे बघत "बरं हाय" म्हणाली. मी तिथून हलले नाही. चहा निवला, तरी बसून राहिले. शेवटी ती हळूच म्हणाली, "चार दिस झालं."

"बरं हाय" ऐकून यापुढे मी कुणाच्या उशापासून उठणार नाही, आबा. एवढा शब्द देते.

तुमची लेक,
सुमन