दोनदा खाली येणारं मशीन

काका, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावंसं वाटलंच नाही असं नाही, पण सुरुवात कुठून करायची तिथेच मी अडायचे. परवा एक मुलगी माझ्या गाळ्यावर आली आणि म्हणाली, "ताई, मी स्वतःचं काम सुरू करतेय. पहिलंच प्रेस मशीन घ्यायचंय. नवीन घेऊ की जुनं बघू?" मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि उत्तर द्यायच्या आधी आत जाऊन उगाचच हात धुऊन आले. ती मुलगी कोणाची ते पुढे सांगते. हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, खांदा कॉलनीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात, तुम्ही चहात आलं किसून घालत होतात तेव्हा.

तुम्ही किसणी खाली ठेवलीत आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरलेत. "मोज," म्हणालात. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. सरकारी दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं तुम्ही प्रेसवर होतात, काडतुसाच्या पितळी नळ्या काढायचात, आणि तुमची दहाच्या दहा बोटं जागेवर होती याचा तुम्हाला जेवढा अभिमान होता तेवढा दुसऱ्या कशाचा मी पाहिला नाही. "तिथे मशीन चुकलं की इथे एकाचं बोट जायचं, आणि तो खराब माल पुढे गेला तर तिकडे दुसऱ्याच्या तोंडावर बंदूक फुटायची. म्हणून आम्ही मशीनवर विश्वास ठेवत नव्हतो, मशीन तपासत होतो." निवृत्तीनंतर तुम्ही आमच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून आलात. मी तेव्हा पॅकिंगला होते. प्रेसवर बायका नकोत असं मालक म्हणायचे, आणि तुम्ही मला त्यांच्यादेखत स्टुलावर बसवून पायडलवर पाय ठेवायला शिकवलंत. पहिल्याच आठवड्यात अडकलेला तुकडा काढायला मी मशीन चालू असतानाच वरून ठोका मारत खाली येणाऱ्या रॅमखाली बोट घातलं, तेव्हा तुम्ही माझं मनगट एवढ्या जोरात ओढलंत की बांगडी फुटली. सगळ्यांसमोर ओरडलात, "घरी जा! हाताची किंमत कळेल तेव्हा ये." मी दोन दिवस आले नाही. तिसऱ्या दिवशी आले तर तुम्ही तुकडा काढायला एक लांब चिमटा करून ठेवला होतात.

तर मशीन. माझ्या नवऱ्याच्या न्हावा शेवा बंदरातल्या ओळखीतून मला ताडपत्रीच्या पितळी रिंगांचं काम मिळालं होतं, ट्रेलरवरच्या ताडपत्रीला कडेनं ज्या मोठ्या रिंगा असतात त्यांचं. मी गाळा भाड्यानं घेतला होता. तुम्ही म्हणालात, आधी बघू, मग ठरवू. आपण दोघं कळंबोलीला जुनी मशीनं विकणाऱ्याकडे गेलो. शेडमध्ये ते उभं आहे, हिरवा रंग, माझ्यापेक्षा उंच, चाक एवढं मोठं की मला बघताक्षणीच ते आवडतं. तुम्ही आधी वीज बंद करायला लावता, चाक हातानं फिरवता, रॅम वर जाऊन नेमका कुठे थांबतो ते वाकून बघता. मग वीज चालू करून पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवत एकेकदा पायडल दाबता. एकदा दाबलं की एकदाच खाली यायला हवं. विकणारा कंटाळून खुर्चीवर बसतो. मीही कंटाळते. सदतिसाव्या वेळी तुम्ही पायडल सोडून दिलेलं असतं आणि रॅम वर जाऊन, न थांबता, पुन्हा खाली येतो.

"चाचा, थोडा तेल-पानी करो, ठीक हो जाएगा," विकणारा म्हणाला.

"हे नको," तुम्ही मला म्हणालात, त्याच्याकडे न बघता.

परतीच्या रिक्षात मी वळून वळून त्या शेडकडे बघत होते. तुम्हाला कळलं असावं. "जुनं मशीन वाईट नसतं," तुम्ही म्हणालात. "मी स्वतः जुनंच घेईन. पण मला त्याची खोड कळते आणि ती काढता येते. तू नवखी आहेस. छोटं घे, नवीन घे, थोडं काम कमी घे. वर्षभर त्याच्यासोबत बस. मग मोठ्याकडे बघ." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मी तेव्हाही मनात त्या हिरव्या मशीनसाठी गाळ्यात जागा मोजत होते. नवीन छोट्या मशीनवर मोठ्या रिंगा निघाल्या नसत्या, काम हातचं गेलं असतं, हे सगळं खरं होतं. पण त्याहून खरं असं की दिराला, नणंदेला, जुन्या कंपनीच्या मालकांना गाळा दाखवताना मला ते मोठं मशीन दाखवायचं होतं.

पुढच्याच महिन्यात तुमच्या छातीत पाणी झालं. तुम्ही इस्पितळात असताना मी कळंबोलीला जाऊन ते आणलं. तुम्ही घरी आल्यावर विचारलंत, "घेतलंस?" मी म्हणाले, "हो, नवीन घेतलं. तुम्ही सांगितलं तेच." तुमचा चेहरा असा उजळला की मी लगेच औषधांचं काहीतरी विचारायला लागले.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते आठवलं की अजूनही मला खाली बघावंसं वाटतं. तुम्हाला दोन जिने उतरवत नव्हते. तरी त्या नवीन मशीनच्या, मीच आणून दिलेल्या माहितीपत्रकावरून मापं घेऊन, गॅलरीत बसून, दम खात खात, तुम्ही जाळीचा गार्ड बनवलात. पितळेची पट्टी आत सरकेल पण बोट सरकणार नाही असा. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या होत्यात, हाताला लागू नयेत म्हणून. मी तो घेऊन गेले. हिरव्या मशीनपुढे धरला तर निम्मी जागासुद्धा झाकेना. रविवारी तुम्हाला भेटायला आले.

"बसला?"

"बसला, काका. एकदम बरोबर."

"बोट जातं का आत?"

"नाही."

"करून बघितलंस?"

"हो."

तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "मग झालं." दीड महिन्यानं तुम्ही गेलात. तुमच्या मुलानं मला खांदा द्यायला पुढे बोलावलं, बाबांची शिष्या म्हणून. मी गेले. नाही म्हणायला हवं होतं.

माझ्याकडे प्रेसवर एक बाई होती, उरणकडच्या गावातली, पहिल्या दिवसापासूनची. हात चपळ आणि बोलणं कमी. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी, एका दुपारी ती काम थांबवून माझ्या टेबलाशी आली. "ताई, मशीन मधीच दोनदा येतंय. सकालपासून दोन वेला झालं. मना बरं वाटत नाय."

मला माहीत होतं, काका. ती काय म्हणतेय ते त्या गाळ्यात फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी माल घ्यायला टेम्पो येणार होता. मी म्हणाले, "जरा लक्ष देऊन कर. उद्या माल गेला की मेकॅनिकला बोलावते." ती "बरं" म्हणाली आणि परत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अर्ध्या तासात झालं. ओरडलीसुद्धा नाही ती. पायडलवरचा पाय काढून, हात छातीशी धरून, स्टुलावर बसून राहिली, आणि मला वाटलं पट्टी अडकली म्हणून थांबलीय. उजव्या हाताची दोन बोटं गेली. इस्पितळातून पोलिसांना कळवलं गेलं, जबाब घ्यायला हवालदार आले. तिच्या खाटेपाशीच उभे राहून त्यांनी मला विचारलं, "मशीनमध्ये काही बिघाड?" मी म्हणाले, "नाही. तिचं लक्ष नव्हतं, साहेब. जेवण झालेलं, डुलकी लागली असेल." ती ऐकत होती. हवालदारांनी तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघत म्हणाली, "व्हय. माजाच हात पुढं गेला." त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली जाऊन तिच्यासाठी शहाळं आणलं.

मेकॅनिकनं रॅमला थांबवणारी क्लचची चावी बदलली. काही दिवस बरं चाललं, मग एकदा रिकामं असताना माझ्या डोळ्यांदेखत ते पुन्हा दोनदा आलं. मी मशीन बंद केलं, वर ताडपत्री टाकली आणि तुम्ही सांगितलेलं, त्या माहितीपत्रकातलंच छोटं नवीन मशीन आणलं. तुमचा गार्ड त्याला अचूक बसला. तीन महिन्यांनी ती बाई परत आली. मी तिला पॅकिंगला घेतलं, पगार तोच ठेवला. आजूबाजूचे गाळेवाले म्हणायचे, अशी मालकीण मिळायला नशीब लागतं. मी ते ऐकून घ्यायचे. तिनं माफ केलं म्हणून ती हवालदारांपुढे तसं बोलली असेल असं मी स्वतःला सांगत आले, इतकी वर्षं.

परवा आलेली मुलगी तिची. आईचा अपघात झाला तेव्हा सात वर्षांची होती, आता डिप्लोमा करून आलीय. "आई म्हणाली, ताईंना विचार, त्यांना कळतं." मी तिला तुमचं सगळं सांगितलं, चाक हातानं फिरव, रॅम कुठे थांबतो बघ, पुठ्ठा घालून कंटाळा येईपर्यंत चालव. ती फोनमध्ये लिहून घेत होती. तिचा अंगठा भराभर चालला होता, आणि मला ते बघवेना. मी म्हणाले, "तुझ्या आईची चूक नव्हती. मशीन खराब होतं. तिनं मला आदल्या दिवशी सांगितलं होतं."

तिनं फोन खाली ठेवला. "माहितीये मला," ती म्हणाली. "आईनं तेव्हाच घरी सांगितलेलं. बाबा भांडायला निघाले होते. आईनंच धरून ठेवलं. म्हणाली, काम पण जाईल."

म्हणजे माफ वगैरे काही नव्हतं, काका. ती घाबरली होती, मला. आणि अजूनही रोज सकाळी नऊला येते, डाव्या हातानं पुड्या बांधते, जाताना "येते, ताई" म्हणते.

मुलगी उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "ते मशीन कुठंय आता?"

"मोडीत काढलं," मी म्हणाले.

तिला ते पटलं. तिच्या आईलाही मी तेच सांगितलंय. पण मी ते मोडीत काढलं नाही, काका. दोन वर्षांपूर्वी गाळा बदलला तेव्हा विकलं. घेणारा बंदरातली नोकरी सोडून आलेला होता, बायकोला घेऊन घरीच काम सुरू करणार होता. त्याचंही पहिलंच मशीन. त्यानं विचारलं, "काही प्रॉब्लेम नाही ना, ताई?" मी म्हणाले, "चालू आहे, बघून घ्या." त्यानं चार-पाचदा चालवून बघितलं. तेवढ्यात काही झालं नाही.

त्याचा नंबर माझ्याकडे होता. आज सकाळी लावला. त्यानं आवाज ओळखला, खूश झाला. म्हणाला, "बायकोच बसते मशीनवर, तिला आता माझ्यापेक्षा चांगलं जमतं." मी इतकंच म्हणाले, "अरे वा," आणि मुलं कितवीत आहेत ते विचारून फोन ठेवला.